थोरलं कार्ड, धाकटं कार्ड

ता. ३, सोमवार

हिशेबाच्या वहीत दूध, भाजी, गॅस, वीज, औषधं आणि किरकोळ असे रकाने आहेत. आजचा विषय त्यांपैकी कशातच बसेना. किरकोळ तर तो नाहीच. म्हणून यांना ऑफिसातून दरवर्षी फुकट मिळायच्या त्या डायऱ्यांमधली एक कोरी काढली. साल जुनं आहे, पण कागद चांगला आहे. वार तेवढे खोडून लिहीन.

विषय असा. आमची सूनबाई घरी बसून नोकरी करते. अजून न बांधलेल्या इमारतींची चित्रं कॉम्प्युटरवर काढते. बघणाऱ्याला फोटोच वाटावा अशी. सोफा, दिवे, खिडकीतून आलेलं ऊन, सगळं. आता तिच्या कंपनीला एका मोठ्या हॉटेलचं काम मिळालंय. त्यांना चित्रांबरोबर फिल्मही हवी आहे, म्हणजे त्या हॉटेलातून चालत गेलं तर काय काय दिसेल ते. आमच्या कॉम्प्युटरला हे झेपत नाही. एक चित्र पुरं करायला तो दीड तास घेतो. तिच्या मॅडमनी कळवलंय, महिनाअखेर फिल्म होईल असं ग्राफिक्स कार्ड घरी बसवा, नाहीतर इकडे मोठ्या ऑफिसात या, राहायला जागा देतो. ते ऑफिस दुसऱ्या शहरात, रात्रभराच्या प्रवासावर. ती गेली तर आमचे चिरंजीव इथे राहून काय करणार. त्याच्या कंपनीची तिथेही शाखा आहे, बदली मागितली की मिळते. म्हणजे दोघंही जाणार.

मी देवाकडे सहसा काही मागत नाही. त्याच्यामागे व्याप कमी नाहीत. आज मात्र मागितलं. दोघं इथेच राहू देत.

मग सूनबाईला विचारलं, "हे कार्ड करतं काय?"

"चित्र काढतं, आई."

"मग तू काय करतेस?"

"त्याला काय काढायचं ते मी सांगते."

"म्हणजे तू मुकादम."

ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. पोरीला जाण्याच्या विचारानं घोर लागला असणार.

ता. ४, मंगळवार

दुकानदार ओळखीचा निघाला. यांच्याबरोबर सकाळी फिरायला जाणाऱ्यांत त्याचे वडील आहेत. त्याच्याकडे दोन कार्डं आहेत. दोन्ही आळीपाळीनं आठवडाभर वापरून बघा म्हणाला, जे आवडेल ते ठेवा. अनामत मात्र एका कार्डाच्या किमतीएवढी भरून घेतली. माणूस सरळ दिसतो.

मी घरात जाहीर केलं की परीक्षा मी घेणार. चिरंजीव म्हणाला, "आई, नेटवर सगळ्यांची तुलना असते. आकडे तयार असतात."

मी म्हटलं, "ते त्यांच्या घरचे आकडे." या घरात दूधवाला ठरवताना दोघांचं दूध मी आठवडाभर आळीपाळीनं एकाच पातेल्यात तापवून साय बघितली होती. पहिल्या दिवशी दोघांची साय सारखी होती. चौथ्या दिवशी एकाचं पितळ उघडं पडलं. तेव्हा एका दिवसाच्या निकालावर मी जात नाही.

संध्याकाळी चिरंजीव माहिती वाचत होता, मी लिहून घेत होते. कार्डांची नावं म्हणजे नुसती अक्षरं आणि आकडे, म्हणून मी त्यांना थोरलं आणि धाकटं म्हणते.

थोरलं: सेकंडहँड. एकेकाळी सगळ्यांत वरचं समजलं जायचं. माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत लांब, पंखे तीन. मेमरी अकरा. मेमरी म्हणजे ओटा, असं सूनबाईनं समजावलं. ओटा जितका मोठा तितका पसारा एकदम मांडता येतो. हात साडेतीन हजार. (त्यांना कोअर म्हणतात, पण कामाचे हातच ते.) वीज अडीचशे वॅट. गॅरंटी नाही.

धाकटं: नवं, डब्यातलं. आखूड, पंखे दोन. मेमरी आठ. हात तीन हजारच, पण तरुण. शिवाय उजेडाची किरणं कुठून येतात आणि कुठे आपटतात याचा हिशेब करायला त्याच्याकडे वेगळे कारकून बसवलेले आहेत, तसे थोरल्याकडे नाहीत. वीज एकशे पंधरा वॅट. गॅरंटी तीन वर्षं. किंमत थोरल्याच्या जवळजवळ दुप्पट.

वीज निम्म्याहून कमी हे वाचून माझं मन धाकट्याकडे झुकलं. पण परीक्षकानं आधीच झुकू नये.

यांनी पेपर बाजूला केला आणि म्हणाले, "मला पसंत करताना एवढी चौकशी केली होतीस?"

"तेव्हा मला विचारायची मुभा नव्हती."

चिरंजीव हसला. सूनबाई मात्र खाली बघून नखानं टेबल खरवडत होती.

ता. ६, गुरुवार

काल थोरलं बसवलं. सुरू झालं की कणीक मळायचं यंत्र फिरतंय असा आवाज. सूनबाईनं हॉटेलच्या दर्शनी दालनाचं चित्र लावलं आणि मी स्वयंपाकघरातल्या घड्याळावर वेळ धरली. बावीस मिनिटं. आज पुन्हा तेच चित्र लावायला सांगितलं. बावीसच. बोलायला कर्कश पण वागायला नेमस्त, असली माणसं मला आवडतात.

गरम मात्र फार होतं. कॉम्प्युटरच्या पेटीच्या मागून झळ येते. ती फुकट जाऊ नये म्हणून मी यांचे हातरुमाल तिथे वाळत घातले. अर्ध्या तासात कडकडीत. सूनबाई म्हणाली, "आई, मागे काही घालू नका. त्याला हवा लागते."

मी काढून घेतले. मागे काही घालायचं नाही, हे लक्षात ठेवलंय.

ता. ७, शुक्रवार

आज सूनबाईची मीटिंग चालू होती. कॉम्प्युटर हॉलमध्येच, देवाच्या कपाटासमोर. दुसरी जागाच नाही. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, त्यात झोपायच्या खोलीत टेबल मावत नाही. मी भाजी कोणती करू विचारायला गेले तर पडद्यावर मॅडम दिसल्या. दिसल्यावर तोंड फिरवणं बरं नाही, म्हणून नमस्कार केला. मुलंबाळं किती, विचारलं. एक मुलगी आहे म्हणाल्या. बाई चांगल्या वाटल्या. आमच्या सुनेला नेऊ नका, एवढंही हसत हसत सांगून टाकलं.

नंतर सूनबाई दिवसभर बोलली नाही. मुळात शांतच आहे ती. कानावर मोठं यंत्र लावून बसते. मागे एकदा विचारलं, काय ऐकतेस, तर म्हणाली, "काही नाही." काही न ऐकायला एवढं महाग यंत्र. पण मी बोलले नाही. तिच्या पैशांतून घेतलंय.

ता. १०, सोमवार

आज धाकटं आलं. बसवायला दुकानदार स्वतः आला होता, थोरलं परत घेऊन गेला. सुरू केल्याबरोबर त्यातून दिवे लागले. निळे, जांभळे, हिरवे. रंग आपोआप बदलत राहतात. समोर देव, आणि मध्ये हा तमाशा.

पण काम बघून मीसुद्धा मान डोलावली. तेच दालन, तेच ऊन. अकरा मिनिटं. आवाज तर येतच नाही. चिरंजीव टाळी वाजवून म्हणाला, "झालं. प्रश्न मिटला. आता कुठे जायची गरजच नाही."

सूनबाई पडद्याकडे बघत राहिली. खूप वेळानं म्हणाली, "हो. छान आहे."

आनंदानं शब्द फुटत नव्हते तिला. हात धुवायला म्हणून गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

मी देवापुढे दिवा लावताना सांगून टाकलं, तू ऐकतोयस असं दिसतंय. अर्थात परीक्षा आठवडाभराचीच. पहिल्या दिवसाची साय धरायची नाही.

ता. ११, मंगळवार

नवी आणि महाग वस्तू घरात उघडी ठेवायची नाही, हा माझा नियम. आमचा फ्रीज अठरा वर्षांचा आहे आणि त्याचं हँडल अजून कालच आणल्यासारखं चकचकीत आहे, ते उगाच नाही. टीव्ही, शिलाई मशीन, मिक्सर, रिमोट, सगळ्यांना अंगरखे आहेत. थोरल्याला शिवला नव्हता, कारण ते आधीच कुठल्या कुठल्या घरची धूळ खाऊन आलेलं. धाकट्याची गोष्ट वेगळी.

जुनी रजई होती, तिचा कापूस अजून चांगला आहे. तिचंच दुहेरी कव्हर शिवलं. वरून आणि तिन्ही बाजूंनी घट्ट बसेल असं मापात. मागची बाजू तेवढी मोकळी ठेवली, सूनबाईनं सांगितलं होतं म्हणून. तरी कडा थोडी मागे वळते. पण त्यामुळे पडत नाही. कडेनं नाडीही घातली आहे. दिवे पूर्ण झाकले गेले. देवापुढे आता शांत वाटतं.

यांनी चष्म्यावरून बघितलं. "त्याला गुदमरत नाही का?"

"यंत्राला कसला जीव."

"मग मलाही एक शिवून ठेव," म्हणाले आणि पेपरात तोंड घातलं.

दुपारच्या परीक्षेत सत्तावीस मिनिटं लागली. काल अकरा, आज सत्तावीस. मी दोनदा घड्याळ बघितलं. पहिल्या दिवशी सगळेच चांगले वागतात.

ता. १२, बुधवार

सकाळी सूनबाई बँकेतून आली तर मी कव्हराची नाडी बांधत होते. काल दिवसभर तिचं डोकं त्या दालनात होतं, तिनं पेटीकडे नीट बघितलंच नसावं. ती आली आणि कव्हरावर हात ठेवला. मग पडद्याच्या कोपऱ्यात बघितलं. तिथे एक छोटा आकडा असतो, आज तो लाल होता. मला वाटलं तारीख असेल. तिनं कव्हराची एक कड उचलली आणि तशीच धरून उभी राहिली.

मी म्हटलं, "धूळ बसते गं. आणि ते दिवे देवासमोर नाचतात."

कड अजून तिच्या हातात होती. मी म्हटलं, "काम चालू असताना काढून ठेवत जाऊ का?"

तेव्हा तिनं कड हळूच खाली सोडली. वरून हात फिरवून सारखी केली.

"राहू दे, आई. शिवण छान आलीय."

माझ्या शिवणाचं कौतुक तिनं लग्नानंतर प्रथमच केलं. आज एकतीस मिनिटं लागली. मला वाईट वाटलं, पण ती वैतागली नाही. कानाला ते यंत्रही लावलं नाही. दुपारी जेवताना भाजी पुन्हा मागून घेतली.

ता. १५, शनिवार

आज फिल्मची परीक्षा. फिल्म म्हणजे एकामागून एक हजारो चित्रं, आकारानं लहान. सकाळी लावली. दहा-बारा चित्रंही झाली नाहीत तोवर कॉम्प्युटर आपोआप बंद पडला. पुन्हा लावली, पुन्हा बंद. चिरंजीवाला सुट्टी होती. त्यानं मागच्या तारा काढून लावल्या, देवाचं नाव घेतलं, दुकानदाराला फोन केला. दुकानदार म्हणाला, बहुतेक तापतंय, हवा नीट लागते का बघा. चिरंजीवानं पेटीच्या मागे हात घालून बघितला आणि म्हणाला, "मागे तर मोकळंच आहे." या घरात तो झाकलेल्या वस्तूंमध्येच लहानाचा मोठा झालाय. त्याला कव्हर दिसतच नाही, भिंतीचा रंग दिसत नाही तसं.

सूनबाई खिडकीशी उभी होती. चिरंजीव म्हणाला, "तू बघ ना जरा. तुला कळतं यातलं."

ती म्हणाली, "मी बघितलं."

मग मी निकाल मांडला. धाकटं: अकरा, सत्तावीस, एकतीस. सरासरी तेवीस. शिवाय ऐन कामात मान टाकणं. थोरलं: कायम बावीस. गॅरंटी नसलेलं जिंकलं आणि गॅरंटीवालं हरलं. किंमत बघून माणूस किती फसतो याचा हा धडा आहे, असंही मी बोलले. हे म्हणाले, "बोर्डाच्या परीक्षेतसुद्धा एवढी कडक तपासणी नसते."

"मग थोरलं ठेवू या," चिरंजीव म्हणाला.

त्यावर सूनबाई वळली. थोरल्यावर चित्रं होतील, पण अख्खी फिल्म व्हायला महिनाअखेर उलटून जाईल, म्हणाली. किरणांचे कारकून नाहीत ना त्याच्याकडे. म्हणजे थोरलं उशिरा पोचणार आणि धाकटं वाटेत बसणार.

संध्याकाळी मॅडमचा फोन आला. सूनबाई गॅलरीत जाऊन हळू आवाजात इंग्रजीत बोलली. मला एवढंच ऐकू आलं, "नो, मॅडम, बोथ." दोन्ही नापास हे तिलाच सांगावं लागलं.

ता. १७, सोमवार

ठरलं. दोघं जाणार. महिनाअखेर नव्हे, चोवीस तारखेलाच. फिल्म तिथल्या मशीनवर व्हायला हवी.

सूनबाईनं मला स्वयंपाकघरात सांगितलं. मी भांडी पुसत होते. ती म्हणाली, "आई, तुम्ही कार्डांसाठी एवढी मेहनत घेतलीत."

"आकडे आले ते आले. माझ्या हातात काय होतं."

ती एकदम रडायलाच लागली. मी तिला जवळ घेतलं. म्हटलं, अगं, जावं लागतंय यात तुझा काय दोष. तू मन लावून प्रयत्न केलास, मी बघितलंय ना. तर आणखीच रडली. एवढी माया आहे तिला या घराची, मला कल्पना नव्हती.

ती गेल्यावर मी ओट्याशी बसून घेतलं.

देवाशी दोन दिवस धड बोललेले नाही. दिवा लावते. पण जपात मन नाही, नुसते मणी सरकतात. एकच गोष्ट मागितली होती. तीही मोठी नव्हती. पहिल्या दिवशी अकरा मिनिटं दाखवायची आणि मग फिरवायची, ही कुठली रीत.

ता. १९, बुधवार

सामानाचा टेम्पो ठरला. ॲडव्हान्स दिला. कॉम्प्युटर इथेच ठेवून जाणार आहेत. हे म्हणतात, मी शब्दकोडी सोडवीन त्यावर. शब्दकोड्याला ग्राफिक्स लागत नाही. धाकटं शुक्रवारी परत करायचं. अनामतीचा मामला आहे, मीच जाणार.

ता. २१, शुक्रवार

हे लिहिताना जरा थांबून थांबून लिहितेय.

सकाळी दुकानात गेले. धाकटं डब्यात घालून, वर पिशवी, पिशवीला गाठ. दुकानदारानं ते काढून टेबलावरच्या एका उघड्या मशीनला जोडलं. पेटी नाही, दार नाही, सगळं हाडासकट दिसणारं. म्हणाला, परत घेण्याआधी तपासावं लागतं. त्यानं कसलंसं चित्र लावलं, पडद्यावर आलेख चढत गेला. तो बघत राहिला आणि म्हणाला, "काकू, कार्ड ठणठणीत आहे. सांगितलंय त्याहून थोडं जास्तच पळतंय."

"आमच्याकडे बंद पडत होतं."

"पेटी कोंदट जागी आहे का? कपाटात वगैरे?"

"छे. हॉलमध्ये, मोकळ्यावर. वर फक्त माझं कव्हर."

"कव्हर?"

"रजईचं. धुळीसाठी."

"चालू असताना?"

मी हो म्हटलं. तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "काकू, रजई पांघरून जिना चढून बघा. एक मजला चढाल, दुसरा चढाल. मग बसाल. ते तेच करत होतं. तापलं की स्वतःला आवरतं, फार तापलं की बंद होतं. त्यात त्याची चूक नाही."

मग तो कार्ड सोडवून पुन्हा डब्यात घालू लागला. "घेऊन जा परत. कव्हर काढा. आठवड्यात होईल फिल्म, महिनाअखेरच्या आत. सूनबाईंना सांगा, किंवा नकोच सांगायला, त्यांना पडद्यावर दिसलंच असेल. तापमान लाल होतं कोपऱ्यात. रोज हेच काम करणाऱ्याला ते..."

इथे तो थांबला. मग डब्याचं झाकण उगाच दोनदा लावलं.

मला तो लाल आकडा दिसला. आणि कव्हराची कड धरलेला तिचा हात. उचलून धरली होती तिनं. किती वेळ धरली होती, ते मी मोजलं नव्हतं.

आधी राग आला. खोटं कशाला लिहू. माझ्या डोळ्यांसमोर, माझ्याच शिवणाचं कौतुक करून. वाटलं, डबा घ्यावा, घरी जावं, सगळ्यांसमोर टेबलावर ठेवावा आणि म्हणावं, फिल्म होते इथे, आता बोला. टेम्पो रद्द होईल. चिरंजीव खूश होईल. ती काहीच बोलणार नाही. ती कधीच बोलत नाही. कानाला यंत्र लावून बसेल, आणि मी तिला विचारायला जाईन, भाजी कोणती करू.

दुकानदार म्हणाला, "पिशवीत घालू?"

मी म्हटलं, "नको. ठेवून घ्या."

"अहो, पण चांगलं आहे."

"चांगलं आहे म्हणूनच. दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडेल."

अनामत मोजून घेतली. बरोबर होती.

मी असं का केलं याचा वाटेत विचार केला. कारणं सरळ आहेत. टेम्पोचा ॲडव्हान्स परत मिळत नाही. चिरंजीवाच्या बदलीचा कागद निघालेला, तो फिरवायचा म्हणजे साहेबांची मनधरणी. अर्धं सामान बांधून झालंय, दोरी कापली गेलीय. एवढ्यावर आलेलं मोडणं म्हणजे निव्वळ नुकसान. दुसरं काही नाही.

घरी आले तर सूनबाई जमिनीवर बसून पुस्तकं खोक्यात भरत होती. मान वर न करता विचारलं, "काय म्हणाला दुकानदार?"

"म्हणाला, पीसच खराब होता. निघतो एखादा."

तिचे हात थांबले. तिनं माझ्याकडे बघितलं. मी पिशवीतून भाजीची जुडी काढली.

"आई," ती म्हणाली.

"ही जुडी निवडून दे," मी म्हटलं. "माती फार आहे, एका पाण्यानं निघायची नाही."

ती आली आणि माझ्याशेजारी बसली. जुडी सोडली. दोघींनी निवडली. एरवी पाच मिनिटांचं काम, आज कितीतरी पुरलं. माझी देठं तिच्या ढिगात गेली, तिची माझ्या. शेवटी ती म्हणाली, "आई, तिकडे दोन खोल्या आहेत. एक तुमची."

"एक तुझ्या टेबलाची ठेव," मी म्हटलं. "आम्ही आलो तर हॉलमध्ये झोपू."

संध्याकाळी दिवा लावला. देवाला सांगितलं, मागणं परत घेते. तू आधीच नाकारलं होतंस हे मला ठाऊक आहे, पण रीतसर माझ्याकडून मिटलेलं बरं.

ता. २५, मंगळवार

काल संध्याकाळी गेले. आज सकाळी पोचल्याचा चिरंजीवाचा फोन आला. पाणी चांगलं येतं, जागा तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट आहे. हे आज फिरायला गेलेच नाहीत, गुडघा दुखतो म्हणाले. कालपर्यंत दुखत नव्हता. कणीक सवयीनं चौघांची मळली गेली, निम्मी फ्रीजमध्ये ठेवली.

ता. २७, गुरुवार

दुपारी सूनबाईचा फोन. स्वतःहून. चिरंजीवानं लावून दिलेला नाही, तो कामावर होता. म्हणाली, फिल्म सुरू झालीय, इथल्या मशीनमध्ये चार कार्डं आहेत. मी विचारलं, एका चित्राला किती लागतात. दोन मिनिटं, म्हणाली. मी लिहून घेतलं. मग म्हणाली, मॅडमनी तुमची आठवण काढली. मग तुम्ही जेवलात का, बाबांचा गुडघा कसा आहे, त्याला तेल लावता का. इतकं ती इथे वर्षभरात बोलली नसेल. मीही सांगत सुटले. खालच्या मजल्यावरच्यांचा नळ, यांचं शब्दकोडं, काय काय.

मध्येच तिच्यामागे कुणीतरी तिला हाक मारली. कामाचं असावं. ती त्यांना म्हणाली, "एक मिनिट, घरी बोलतेय." आणि मला म्हणाली, "हं, सांगा आई."

सांगायचं पुष्कळ होतं.

"काम कर," म्हटलं, आणि फोन मीच ठेवला. बिल तिकडचं असलं म्हणून काय झालं, वाया कशाला घालवायचं.